खारीसाठी घर बघताना

जत

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडं आलेल्या त्या कुत्रीचे, खारीचे, व्हिडिओ बघितले, आणि विचारणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तिला द्यावं हा तुझा प्रश्नही वाचला. सोफ्याची दशा बघून तुझी आई हसत सुटली. मी मात्र तो व्हिडिओ परत परत थांबवून बघत होतो. लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. पोरी, तिच्यात निम्म्याहून जास्त कारवान या शिकारी कुत्र्यांच्या जातीचं रक्त आहे. आपल्याकडं कारवानी म्हणतात, सीमेपलीकडं कर्नाटकात मुधोळ. पोस्टानं 2005 साली या जातीचं तिकीट काढलं, 2016 मध्ये लष्करानं पिल्लं मेरठला नेली, 2020 मध्ये पंतप्रधान रेडिओवर देशी कुत्र्यांबद्दल बोलले. कौतुक झालं ते चांगलंच. पण फ्लॅटमध्ये हौसेनं नेलेलं पिल्लू वर्षाचं झालं, दोन पायांवर उभं राहून ओट्यावरची पोळी उचलायला लागलं, की कुणीतरी त्याला रात्री गाडीतून हायवेला उतरवतं. खारीचंही तेच झालं असणार.

तुझा कल मुळशीच्या फार्महाऊसकडं दिसतोय. दोन एकर मोकळं रान, बिचारी मनसोक्त पळेल, असं तुला वाटतं. मी तर ते नाव आधी खोडेन. मालक येणार शनिवार-रविवार, एरवी वॉचमन. तो दोन दिवस सोडेल, तिसऱ्या दिवशी शेजारची कोंबडी तोंडात घेऊन आली की साखळीला बांधेल, ती कायमची. दोन एकरांतलं साखळीएवढंच रान तिच्या वाट्याला येणार. शिवाय ही जात नजरेवर शिकार करणारी. लांबवर काही हललं की सुटते, मग मागून कितीही हाका मार, रस्ता आला तरी थांबत नाही. आणि राखणीला म्हणून कुणी नेत असेल तर, राखणीपेक्षा पळणं हा तिचा पिंड. दिवसभर ताणून झोपेल.

तिला रोज पहाटे तासभर पळवणारा माणूस मिळाला तर घर एका खोलीचं असलं तरी चालेल. म्हणून मला वाकडचा तो पळायला जाणारा मुलगा बरा वाटतो. पण त्याला नीट विचार. शिफ्ट कुठली, दिवसा घरी कोण, भाड्याच्या घराच्या करारात कुत्र्याबद्दल काय लिहिलंय? सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, पशु कल्याण मंडळाची 2015 ची तशी सूचना आहे. घरमालकाचं वेगळं, त्याची परवानगी लेखी असू दे. त्याच्या आईशीही बोल. उद्या त्याचं लग्न ठरलं, परदेशी नोकरी लागली, तर कुत्रं कुणाच्या दारात येणार हे आईलाच ठाऊक असतं!

घरी जाऊन गॅलरीचा कठडा बघ. कमरेएवढा असला तर जाळी लावल्याशिवाय देऊ नको. मग त्यालाच पट्टा धरून खारीला फिरवायला सांग आणि तू मागून चाल. मांजर दिसल्यावर ती ओढेल, तेव्हा तो हिसका मारतो, ओरडतो, की थांबून तिचं लक्ष वळवतो, तेवढं बघितलंस तरी निम्मं काम झालं. साधा गळपट्टा वापरू नको. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा जाड नसतं. कान मागं पाडून दोन पावलं उलटी सरकली की पट्टा तुझ्या हातात आणि कुत्रं रस्त्यावर. अंगाला बसणारा हार्नेस घे.

कोथरूडच्या घरात मांजर आहे, तिथं नको. ते निवृत्त जोडपं फार प्रेमळ दिसतं, पण खारीच्या एका ओढीत काकूंचा खुबा जाईल. त्यांना एखादं सात-आठ वर्षांचं शांत कुत्रं बघून दे, दोघांचं भलं होईल. आणि 'मादीच पाहिजे, ऑपरेशन करू नका' म्हणून ज्याचा फोन आला, त्याला परत फोन करू नको. एक तर पिल्लं विकणार, नाहीतर सशामागं सोडणार. सशाची शिकार हा गुन्हा आहे, तरी आपल्या भागात चालते हे तुला माहीत आहे. म्हणूनच तिला इकडं आणून सोड असंही मी म्हणत नाही. माझे गुडघे आहेतच, पण वस्तीवरची पोरं मागं लागतील ती वेगळीच.

नसबंदी देण्याआधी तूच करून घे, 'करतो' म्हणणाऱ्यावर सोडू नको. रेबीजची लस, लसींचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना नेणाऱ्याच्या नावावर. खाऊन झाल्यावर लगेच पळवू नको म्हणावं, खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून जिवावर बेततं. नुसत्या दूध-पोळीवरही भागणार नाही, अंडं तरी लागेल. अंगावर चरबी नसते, थंडीत गोधडी हवी.

आधी पंधरा दिवस ठेवून बघू दे. जमलं नाही तर परत तुझ्याकडंच आणायची, दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायची नाही, हे कागदावर लिहून सही घे. माणूस ओशाळून परत आणत नाही, म्हणून आधीच सांग की आणलीस तर कुणी बोल लावणार नाही.

रविवारी तो वाकडचा मुलगा घरी येणार म्हणालीस ना? तेव्हा मला फोन लाव आणि त्याच्याकडं दे. मला चार शब्द बोलायचेत.

तुझा,
अण्णा