कचऱ्यात चालतो, संशोधनाला चालत नाही

महोदय,

अमेरिकेतील गर्भपातविरोधी राजकारणावरील आपल्या अंकातील लेख वाचला. माजी अध्यक्ष धाकट्या बुश यांच्या स्टेम सेल (मूलपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी) धोरणाला लेखकाने ‘तत्त्वनिष्ठ’ म्हटले आहे. मी वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि हे विशेषण मला काही केल्या पटत नाही.

बुश यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. ९ ऑगस्ट २००१ रोजी टेक्सासमधील क्रॉफर्डहून त्यांनी केलेल्या भाषणात विरोधी बाजूही नीट मांडली होती. हल्लीच्या नेत्यांकडून तेवढीही आशा नाही. पण निर्णय काय झाला? त्या दिवसापर्यंत तयार असलेल्या स्टेम सेल लाइनवरील (एकाच भ्रूणातून काढून वाढवत ठेवलेल्या पेशींवरील; त्या काढताना भ्रूण नष्ट होतो) संशोधनालाच केंद्र सरकारचा पैसा, नव्यांना नाही. अशा लाइन साठाहून अधिक असल्याचे सांगितले गेले. यादीत सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि तीन बंगळूरुच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या होत्या. प्रत्यक्षात संशोधकांना उपयोगी पडल्या त्या सगळ्या मिळून वीस-एकवीस.

आता आमच्याकडचे चित्र. पाच दिवसांचा भ्रूण म्हणजे शे-दीडशे पेशींचा गोळा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका. तो बारीक स्ट्रॉमध्ये घालून उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. मूल झाले की उरलेल्या भ्रूणांचे काय, हा प्रश्न पुढे येतो. काही जोडपी दरवर्षी साठवणुकीचे पैसे भरतात, काही फोनच उचलत नाहीत. २००३ मधील पाहणीनुसार अमेरिकेत असे सुमारे चार लाख भ्रूण गोठवलेले होते. बुश यांनी आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या उपचाराच्या) केंद्रांना हातही लावला नाही. उरलेले भ्रूण टाकून देण्यावर त्यांच्या आठही वर्षांत केंद्र सरकारची बंदी नव्हती.

कोणी म्हणेल, ज्यांना भ्रूण मोडून संशोधन करणे पाप वाटते त्यांच्या करातून ते का करायचे? हा मुद्दा रास्त आहे. पण बुश तेवढ्यावर थांबले नाहीत. १९ जुलै २००६ रोजी नव्या लाइनवरील संशोधनालाही सरकारी पैसा देऊ पाहणाऱ्या विधेयकावर कारकीर्दीतला पहिला नकाराधिकार वापरताना त्यांनी ‘निष्पाप मानवी जीव’ घेतला जाण्याची भाषा केली. तसे असेल तर खासगी पैशाने तो घेतलेला कसा चालतो? त्या संशोधनावर त्यांनी कधी बंदी आणली नाही.

त्यांच्यापेक्षा सुसंगत होते ते त्यांच्याच पक्षाचे युटाचे सिनेटर ऑरिन हॅच. गर्भपाताला कडवा विरोध, १९८०च्या दशकात त्यासाठी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडणारा हा माणूस; तरी जीवन आईच्या गर्भाशयात सुरू होते, फ्रीजमध्ये नव्हे, अशी भूमिका घेऊन त्यांनी स्टेम सेल संशोधनाला पाठिंबा दिला. त्यांचे गर्भपातावरचे मत मला मान्य नाही, पण रेघ कुठे आणि का ओढली हे त्यांना सांगता येत होते.

ज्यांनी ती ओढली नाही त्यांची फजिती फेब्रुवारी २०२४ मध्ये अलाबामात दिसली. गोठवलेले भ्रूण हीसुद्धा मुलेच, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने देताच काही केंद्रांनी आयव्हीएफ थांबवले. मग गर्भपातविरोधी विधिमंडळानेच तीन आठवड्यांच्या आत केंद्रांना संरक्षण देणारा कायदा केला!

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये भ्रूणाशिवाय, माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशींसारख्या पेशी बनवल्या, तेव्हा बुश समर्थकांनी हा आपलाच विजय मानला. पण त्या पेशी खरोखर तशा आहेत का, हे ताडून पाहायला भ्रूणाच्याच मूलपेशी लागल्या, हे ते सांगत नाहीत.

आपल्याकडे २०२१च्या कायद्याने भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे ठेवता येतो. त्यानंतर तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचा. बुश यांच्या काळात अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जोडप्याला भ्रूण फेकून देता येत होता. तो संशोधनाला दिला, तर त्यातून तयार होणाऱ्या पेशींवर सरकारी पैशाने काम करता येत नव्हते.

– एक भ्रूणशास्त्रज्ञ वाचक, पुणे