निळ्या डब्यातले कागद

सांगली, 3 मार्च

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू नुसता अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस. म्हणून कागदावर लिहितोय. फोटो काढून आईला पाठवीन. मराठी शाळेत पाच वर्षं दर रविवारी सकाळी तुला गाडीत झोपलेल्या अवस्थेत नेलंय, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. माझं अक्षर लागलं नाही तर आई वाचून दाखवेल, पण मग मध्येमध्ये ती स्वतःचंही घालेल, ते सांभाळून घे.

आजी बरी आहे. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. परवापासून वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत जाते आणि जाता जाता स्वयंपाकघरात डोकावून कामाच्या बाईंना दोन शब्द सुनावते. डॉक्टरांपेक्षा मला त्या ओरडण्यावर जास्त भरवसा आहे.

दुपारी ती झोपते. माझं ऑफिस इथल्या संध्याकाळी साडेसातला सुरू होतं. मधल्या वेळात पंख्याखाली पडून मी तुझ्या एपी आर्टच्या, म्हणजे शाळेतच कॉलेजच्या पातळीवर शिकवतात त्या विषयाच्या, वर्गाचा तो कागद फोनवर उघडला, जो सप्टेंबरमध्ये मी न वाचताच सही करून दिला होता. पालकांनी वाचून सही करावी, असं वर स्पष्ट लिहिलंय. चार पानं आहेत. तीनदा वाचली. तेव्हाच वाचली असती तर त्या मंगळवारी जे झालं ते झालं नसतं.

माझी समजूत साधी होती. चित्र चांगलं झालं की भिंतीवर, बिघडलं की रद्दीत. बेसमेंटमध्ये हीटरच्या मागे कोळशाने काळे झालेले, कोपरे फाटलेले कागद पडले होते. चार तर तू स्वतः रागाने चोळामोळा केलेले. मी तीन आठवडे नसणार, तिथे गॅसचा माणूस येणार, आग लागायला किती वेळ लागतो. उचलले आणि रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकले. तू शाळेतून आलीस आणि म्हणालीस, "बाबा, तो माझा प्रोसेस होता." मी हसलो. ते हसणं मला इथे रोज आठवतं.

आता कळतंय ते असं. वर्षाअखेर पेपर नाही, तीन तास नाहीत, हॉल तिकीट नाही. पंधरा इमेजेस द्यायच्या, एकच प्रश्न मनात धरून वर्षभर त्याच्या मागे गेल्याच्या. त्याला शंभरातले साठ टक्के. उरलेले चाळीस निवडक पाच कामांना. आणि त्या पंधरांत सगळी पूर्ण झालेली चित्रंच हवीत असं नाही, मधले प्रयत्न, चाचण्या, फसलेलं परत केलेलंही चालतं. चालतं काय, तेच बघतात. सराव, प्रयोग, फेरबदल. म्हणजे तपासणारे जे शोधणार, तेच मी उचलून नेऊन टाकलं. माझ्या जन्मात मी हिशोबाची एवढी मोठी चूक केलेली नाही, आणि हिशोब हाच माझा धंदा आहे.

चुकलो. हे मी विमानतळावर म्हणायला हवं होतं. पण तू आलीच नाहीस आणि मीही गाडीत बसल्यावर वर तुझ्या खिडकीकडे पाहिलं नाही. आई म्हणते दोघं एका माळेचे मणी.

किती झाली, हे मी विचारणार नाहीये. ठरवून बसलोय.

फक्त एवढंच म्हणतो की आज 3 मार्च. सगळं अपलोड करायचं मेच्या सुरुवातीला, म्हणजे हातात नऊ आठवडे. त्यात तुझी केमिस्ट्री, त्यात कॉलेज प्रवेशाची ती एसएटी. जानेवारीत तू आठ म्हणाली होतीस. त्या आठांतली माझ्यामुळे किती गेली ते मला माहीत नाही. शेवटच्या आठवड्यात जागून होणारं हे काम नव्हे, तुझ्या मिसनीच लिहिलंय की आठवड्याला वर्गाबाहेर चार-पाच तास हवेत आणि क्रिटिकच्या, म्हणजे वर्गात एकमेकांच्या कामावर बोलायच्या, दिवशी रिकाम्या हाताने येणं चालणार नाही. शिवाय ते दोन लेखी उत्तरांचं. प्रत्येकी 600 अक्षरं, तीही स्पेस धरून. त्यात तुझा प्रश्न काय, आणि तो सोडवताना काय काय केलंस. माझं हे पत्र आजीचं ऑपरेशन सांगून होईपर्यंतच 600 च्या पुढे गेलं असेल. तेव्हा ते आत्तापासून लिहायला घे, मागे ठेवू नकोस, आधी मराठीत मनाशी बोल म्हणजे...

बघ, सुरू झालो. राहू दे.

तू काय काढतेस हे मला कधी नीट कळलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. तुझ्या वर्गातल्या मुली समुद्र काढतात, डोळे काढतात, आणि माझी मुलगी स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे काढते. आईने विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "भांड्यात आपण कसे दिसतो ते बघतेय, आणि भांड्यावरचं नाव मध्ये आलं की काय होतं ते." मला वाटलं काहीतरी अमेरिकन आहे. गोल डब्यात माझा चेहरा शेवग्याच्या शेंगेसारखा आणि कपाळावर "मामांकडून, 1971". त्या चित्राला मी नावं ठेवली होती. नाक एवढं लांब कुणाचं असतं, म्हणालो होतो.

आता खरी गोष्ट. निळा डबा सकाळी न्यायला येतात. त्या मंगळवारी रात्री, तू दार आपटून वर गेल्यावर, मी बाहेर जाऊन डब्यात हात घातला होता. बर्फ वितळून वरचे कागद भिजले होते, काढायला गेलो तर हातात लगदा आला. खालचे तीन कोरडे निघाले. ते मी तुला दिले नाहीत. का दिले नाहीत, ते विचारू नकोस. दिले असते तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि तेव्हा मला अजून वाटत होतं की माझंच बरोबर आहे. दोन कागद माझ्या कपाटात शर्टांच्या खाली सपाट ठेवलेत. तिसरा लॅपटॉपच्या बॅगेत इथवर आला.

तो आजीला दाखवला. चष्मा लावून तिने तो खिडकीकडे धरला. मला वाटलं म्हणेल हे काय काळंबेरं. ती म्हणाली, "हा माझ्या रुखवतातला. इथे पोचा आहे बघ, तू पाळण्यातून खाली ढकललास तेव्हाचा." कोळशाच्या एका वळशात तू तो पोचा पकडला होतास. तिथे माझ्या चेहऱ्याचे दोन तुकडे होतात, एक कान वर, एक खाली. मी रोज त्या डब्यातून साखर घेतो, मनू. मला तो पोचा आहे हे माहीत नव्हतं. आणि नावाची अक्षरं तू रेघांनी काढलीच नाहीयेस, टिंब टिंब, टिंब टिंब, अगदी भांड्यावर नाव घालणारा छिन्नीने ठोकतो तशी. हे तुला कुणी सांगितलं? यूट्यूबवर बघितलंस की नुसतं बोट फिरवून कळलं?

अण्णाकाकाला कळलं असतं.

त्याचं नाव मी त्या भांडणात काढायला नको होतं. "अण्णाकाकाचं झालं तसं होईल," असं म्हणालो आणि तू म्हणालीस, "काय झालं? तू कधी बोलतोस का त्याच्याबद्दल?" बोलत नाही, खरंय. तुझ्या आठवणीत तो गणपतीला मखर करणारा, खोकणारा माणूस असेल. मला तो शिडीवर दिसतो. दोन टोकांना खिळे, मध्ये निळीत भिजवलेली सुतळी ताणायची, मधोमध धरून सोडली की फट्. भिंतीवर सरळ निळी रेघ. मग दुसरी. त्या दोन रेघांच्या मधे खडूने अक्षरं, आणि मग ऑइलपेंट. डाव्या हातात चिंध्यांचा गोळा बांधलेली काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकलेलं. "किराणा व भुसार" मधला "भ" तो एका श्वासात ओढायचा. मी खाली डबा धरून उभा. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत त्याला ए ग्रेड. मग एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, केलं, शाळेत जागा निघेल म्हणून थांबला, थांबता थांबता बोर्ड रंगवू लागला. चाललं होतं की चांगलं. मग फ्लेक्स आला. ज्या बोर्डाला अण्णाला दोन दिवस लागायचे तो दुकानदाराला तासाभरात छापून मिळायला लागला, तोही दुकानदाराच्या फोटोसकट.

माझी भीती ती आहे. लपवत नाही. ही परीक्षा घेणाऱ्या तुझ्या कॉलेज बोर्डाने स्वच्छ लिहिलंय की पोर्टफोलिओच्या कुठल्याही टप्प्यावर एआय वापरायचं नाही, ते वाचून मला बरंही वाटलं आणि पोटात गोळाही आला. ते परीक्षेत बंदी घालतील. बाजारात कोण घालणार? तू दोन दिवस बसून टिंबं देणार आणि बाहेर कुणीतरी तासाभरात... असो. तू 16 वर्षांची आहेस आणि मी 16 वर्षांच्या मुलीवर सांगलीच्या एका भिंतीचा राग काढतोय. हे बरोबर नाही. पण केमिस्ट्री सोडू नकोस. एवढं एक ऐक. बरं, हेही राहू दे, आईशी बोल.

मीही इंटरमिजिएटला बसलो होतो, हे तुला सांगितलंय का? स्थिरचित्रात बादली जमली. स्मरणचित्राला एसटी स्टँड घेतला. माणसं भरपूर काढायची म्हणून भरपूर काढली, पण चेहरे येईनात. मग सगळ्यांना पाठमोरं केलं. अख्खा स्टँड पाठमोरा, कंडक्टरसुद्धा. सी ग्रेड. अण्णा हसला नाही. म्हणाला, घरी परत काढ, दहा काढ. मी एकही काढलं नाही. पेपर झाला, विषय संपला.

म्हणून कदाचित मला कळलं नाही की तू एकच डबा परत परत का काढतेस.

आजी म्हणाली, त्या डब्याची जोडी होती. एक आपण अमेरिकेत एडिसनला नेला, दुसरा इथेच वरच्या फळीवर असणार. स्टुलावर चढून काढला. झाकण बसत नाही, आत जुनी खडीसाखर, पण बाहेरून तसाच, तेच नाव, तेच साल. डबा उचलला तर त्याच्या खाली फळीवर अंथरलेला कागद. वर्तमानपत्र असेल म्हटलं. वर्तमानपत्रच होतं, पण त्यावर ब्रशने "ळ" काढलेले. एकाखाली एक, काळ्या रंगात, मी मोजले, 43. पहिले फुगीर, मध्ये एका ओळीत सगळे डावीकडे कललेले, शेवटच्या चार-पाचांत कुठेतरी त्याला तो सापडलेला दिसतो. अण्णाचे असले ताव गठ्ठ्याने होते घरात. मला आठवतंय, आजी सकाळी बंब पेटवायला तेच घ्यायची. कुणाला काही वाटायचं नाही, त्यालाही नाही. बाकीचे आमच्या सगळ्यांच्या अंघोळीत गेले.

बराच वेळ मी स्टुलावर उभा होतो. बाईंनी विचारलं, चक्कर आली का.

तुला फोटो पाठवणार होतो, जोडीच्या डब्याचा. मग आठवलं, दुसऱ्याच्या फोटोवरून काढलेलं चित्र नुसतं उतरवून चालत नाही, त्यात तुझं स्वतःचं बरंच काही असावं लागतं, तेही त्या चार पानांत आहे. उगाच माझ्या फोटोने घोळ नको. म्हणून डबाच आणतो. 21 तारखेला रात्री पोचतोय. तोवर तुमची घड्याळं एक तास पुढे गेलेली असतील, म्हणजे आपल्यातलं अंतर साडेदहाचं साडेनऊ तास होईल. दोन डबे समोरासमोर ठेवलेस तर एकात दुसरा दिसेल, त्यात पहिला. तुला ते आधीच सुचलं असेल. सुचलं नसेल तर मी सुचवलं असं तुझ्या त्या 600 अक्षरांत लिहू नकोस, तुझंच म्हण.

रात्री दोनपर्यंत जागू नकोस. कोळसा हाताळलास की नाकपुड्या धू, अण्णा धुवायचा नाही. बेसमेंटमध्ये काढत असशील तर ती छोटी खिडकी उघडी ठेव, थंडी वाजली तर माझा करडा स्वेटर घाल, खराब झाला तरी चालेल. हीटरच्या मागे मात्र कागद ठेवू नकोस, तेवढं माझं अजूनही बरोबर आहे. माझ्या टेबलाचा खालचा मोठा खण रिकामा करून घे. टॅक्सच्या फाइली आहेत, त्या वर ठेव.

फळीवरचा तो कागद मी आजीकडे मागितला. म्हणाली, "आणि माझी भांडी काय उघड्या फळीवर ठेवू? आधी दुसरा कागद आण, मग तो ने." उद्या सकाळी मारुती रोडवरून खाकी कागदाचे दोन ताव आणतो.

तुझा,
बाबा

ता. क. पंधरातल्या अकरा झाल्या असं आई म्हणाली. मी विचारलं नव्हतं. बरं, विचारलं होतं.