काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत चालण्यावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण सगळा हिशेब वजनाचा. किती पावलं, किती कॅलरी, महिन्याला किती किलो. याच हिशेबापायी आमच्या चाळीतल्या तिघांनी चालणं सोडलं. 'दोन महिने घाम गाळला, काटा जागचा हलेना,' ही तिघांचीही तक्रार. म्हणून हे पत्र.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, बरीच वर्षं डबलडेकरवर. त्यामुळे लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांचं काम वाचलं तेव्हा ते घरचंच वाटलं. १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी तिथल्या बसचालकांची आणि कंडक्टरांची तुलना छापली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. (आमच्याकडे वरच्या मजल्याला वेगळा कंडक्टर असे, त्यामुळे एवढा जिना माझ्या वाट्याला आला नाही. दिवसभर टिकटिक वाजवत उभा असायचो, एवढंच.) कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा. मग मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची मापं तपासली. ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली. म्हणजे शेवटी वजनच, असं वाटेल. पण सडपातळ असो, मध्यम असो की पोट सुटलेला, कंडक्टरांना धोका कमीच होता.

वजन नाही तर मग फायदा होतो कुठे? बराचसा रक्तवाहिन्यांत. त्यांना आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. भरभर चालताना रक्त जोरात वाहतं, अस्तराला घासून जातं, आणि त्या घासण्यानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. नळी सैल पडते, रुंदावते. या वायूचं रक्तवाहिन्यांतलं काम शोधून काढणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालं. वय वाढतं तसा तो कमी पडू लागतो, आणि महाधमनीतले लवचिक तंतूही झिजून तुटतात. तरुणपणी धमनी रबरासारखी फुगून हृदयाचा ठोका झेलते. म्हातारपणी तोच ठोका लोखंडी पाइपात आपटल्यासारखा पुढे जातो. उतारवयात बीपीचा वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो तो यामुळेच. 'माझा खालचा सत्तरच आहे' म्हणून खूश होणारे कट्ट्यावर पुष्कळ भेटतात.

अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली, व्यायामाची सवय नसलेल्या मध्यमवयीन आणि वयस्क पुरुषांना तीन महिने मुख्यतः चालायला लावलं. त्यांच्या गळ्यातल्या धमनीची लवचिकता वाढली. वजन, चरबी, रक्तदाब मात्र जवळपास होते तिथेच! चाळीतल्या त्या तिघांना हेच सांगायचं आहे. पाळी गेलेल्या बायकांत अस्तराचा फायदा इतका सरसकट दिसत नाही, हेही खरं. ते ऐकून आमची ही म्हणाली, 'इथेही आमच्याच वाट्याला कमी का?' चालायला मात्र ती माझ्या पुढे असते, आणि बरोबरच आहे, कारण साखर, स्नायू, झोप यांचा फायदा कुठे गेलेला नाही.

वेग हवा, भाजीवाल्यापाशी थांबत थांबत केलेली फेरी नको. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा दम लागला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते. ज्यांना छातीत दुखतं किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि सोडलं की कमावलेली लवचिकता ओसरू लागते, ती साठवून ठेवता येत नाही.

आता मुख्य अडचण. आमच्या भागातल्या उद्यानाला सकाळी साडेनऊला कुलूप लागतं, ते चारला उघडतं. फुटपाथवर दुकानं आणि बाइक. सकाळची पाळी करून दीडला घरी येणारा ड्रायव्हर, दुपारीच मोकळी होणारी बाई, यांनी चालायचं कुठे? निदान आतला चालण्याचा पट्टा तरी दिवसभर उघडा ठेवावा, ही विनंती आपल्यामार्फत संबंधितांपर्यंत पोचावी.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर, परळ