गाईंच्या खालची ओळ

प्रिय बंडू,

फराळाच्या फोटोलाही उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल. गुडघा तसाच, साखर तशीच. आज लिहितोय ते मोडीतल्या त्या कागदामुळे. कुठला, ते तुला सांगायला नको.

सासरेबुवांची ऐंशी येतेय. "आमचा मूळपुरुष १६३५ साली इंग्लंडहून इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविचला आला," यावर त्यांचं आयुष्य चाललंय. (लग्नात आपल्या नानांनी लगेच गोत्र विचारलं होतं!) लेकीनं ठरवलं, आजोबांना कुलवृत्तांत करून द्यायचा. बाबाला मोडी येते, म्हणून जुनं इंग्रजी अक्षर लावायचं काम माझ्याकडे.

सुरुवातीला मजा आली रे. मॅसॅच्युसेट्समधल्या कितीतरी गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी छापलेल्या आहेत. त्र्यंबकला उपाध्यांच्या वहीत तीन पिढ्या शोधायला आपली अख्खी दुपार गेली होती. इथे चहा निवायच्या आत चार. अडलो तारखांवर. लग्न एप्रिल १७२१ चं आणि मूल फेब्रुवारी १७२१ चं! आठवडाभर त्या घराण्याची अब्रू माझ्या मुठीत होती. मग कळलं, १७५२ पर्यंत यांचं वर्ष २५ मार्चला लागायचं, आपल्या पाडव्यासारखं. म्हणजे तो फेब्रुवारी लग्नानंतरचाच.

मग हाती आली मालमत्तेची यादी. माणूस गेला की शेजारचे दोघं-तिघं घरात शिरून एकेका वस्तूची किंमत लिहायचे. पिसांची गादी, कथलाची ताटं, बायबल, दोन गाई. गाईंच्या खाली, त्याच अक्षरात, "एक निग्रो मुलगा". नाव नाही, वय नाही. किंमत आहे, गाईंच्या कितीतरी पट. त्याखाली जुनं खोगीर.

गुलामी म्हणजे दक्षिणेतली, कापसाच्या शेतातली, असं मीही धरून चाललो होतो. मॅसॅच्युसेट्सनं ती १६४१ मध्येच कायद्यात बसवली होती. सुटली ती १७८३ च्या सुमारास, कोर्टाच्या निकालांनी. १७९० च्या शिरगणतीत राज्यात गुलाम शून्य. लोकांना तेवढा शून्य आठवतो.

लेक म्हणते, छापायचं. बायको म्हणते, बाबांच्या वाढदिवशी? मी गप्प. मला तू दिसतोस, आमच्या माडीवर, पणजोबांचा तो कर्जरोखा धरून. एक म्हैस, दोन बैल आणि "रखमाचा थोरला, कर्ज फिटेतो". तू म्हणालास, कुलवृत्तांतात घाल. मी म्हणालो, तुझ्या घरचं असतं तर? तू चपला घातल्यास आणि आठ महिने बोलला नाहीस. पुस्तकात पणजोबा "दानशूर" झाले, विहिरीच्या फोटोसकट. तो शब्द माझा. परवा मनात आलं, आमच्याकडे निदान रखमाचं नाव तरी होतं. आणि माझीच मला शिसारी आली.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं ना? चिन्मयनं नोकरी सोडली म्हणे. ओरडू नकोस, तूही दोन सोडल्या होत्यास.

मूळ कागदाला वाळवी लागली, असं मी तुला सांगितलं होतं. वाळवी नव्हती. तू तेव्हा झेरॉक्स काढली होतीस, मला माहीत आहे. फोटो काढून पाठव. लेकीसमोर दोन्ही कागद एकदम ठेवीन म्हणतो. उजेडात काढ, आणि अंगठा बाजूला ठेव.

तुझा,
सुधा