ठेव मोडू नका

ती. बाबा आणि आईस,
बेळगावहून साष्टांग नमस्कार.

काल बाबा म्हणाले, खानापूरच्या पतसंस्थेतली ठेव मोडतो, पण ती भ्रूणांची टेस्ट करूनच घ्या. फोनवर मला नीट सांगता आलं नाही. इकडं ह्यांचा टीव्ही, तिकडं आईचं ‘जेवतीस की नाही वेळेवर’. म्हणून लिहून पाठवतेय. चष्मा सापडला नाही तर दादाकडून वाचून घ्या.

टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारात आमचे दोन भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत वाढले, ते गोठवून ठेवलेत. त्यातला आधी कुठला गर्भाशयात सोडायचा हे ठरवायला क्लिनिकवाले एक जादा टेस्ट सुचवतायत. भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या, जिथून पुढं वार तयार होते तिथल्या, चार-पाच पेशी काढायच्या आणि त्यात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए किती आहे ते मोजायचं.

हे मी नववीच्या पोरांना शिकवते, पण तिथं दोन ओळींत संपतं. मायटोकॉन्ड्रिया पेशीला ऊर्जा पुरवतात, आणि त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. अगदी छोटा, 37 जनुकांचा. पण एका पिकलेल्या स्त्रीबीजात त्याच्या लाखाच्या वर प्रती असतात. बीज फळल्यावर पहिले पाचेक दिवस नव्या प्रती जवळजवळ होतच नाहीत. एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होत जातात आणि आहे तेच आपसांत वाटून घेतात. आईनं पहाटे बांधून दिलेली शिदोरी दिवसभर पुरवायची, तसं. माझं वय अडतीस, म्हणून ही शिदोरी तपासू या असं त्यांचं म्हणणं.

ऐकायला पटतं. पण 2015 साली ज्या अभ्यासावरून हे सुरू झालं, त्यात उलटंच होतं. हा डीएनए फार जास्त असलेले भ्रूण रुजत नाहीत, असं त्यांना दिसलं. कमी नव्हे हं आई, जास्त! अडचणीत सापडलेला भ्रूण प्रती वाढवत असेल, असा कयास. मग 2017 मध्ये दुसऱ्यांनी नीट हिशेब लावून मोजलं, तर रुजलेल्या आणि न रुजलेल्या भ्रूणांत फरकच निघेना. शिवाय आमचे भ्रूण आधीच गोठवलेले. ते वितळवायचे, पेशी काढायच्या, परत गोठवायचे, हे सगळं कशासाठी? ‘सगळेच करतात मॅडम’ म्हणून तिथल्या बाईनं कागद पुढं सरकवला. मी तो तसाच परत दिला.

आणि शेजारच्या काकांनी पेपरातलं ते ‘तीन पालकांचं मूल’ दाखवलं, त्याचा आपल्याशी संबंध नाही. इंग्लंडात 2015 मध्ये त्याला कायद्यानं परवानगी मिळाली, आणि 2025 च्या जुलैत न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी अशी आठ बाळं जन्मल्याचं जाहीर केलं. आईकडून मायटोकॉन्ड्रियाचा गंभीर आजार बाळात जाऊ नये म्हणून दुसऱ्या बाईच्या बीजातले निरोगी मायटोकॉन्ड्रिया वापरतात. मला तसला आजार नाही.

बाबा, रागावू नका, पण घराण्याचा वंश वगैरे म्हणता ना, ह्या डीएनएत तुमचं काही चालत नाही. वडलांकडचे मायटोकॉन्ड्रिया भ्रूणात सुरुवातीलाच मोडून जातात. तुम्हाला आजीकडून मिळालं ते तुमच्यापाशी थांबलं. आत्याच्या पोरींत मात्र गेलं. दादाच्या मुलांत वहिनीच्या माहेरचं आहे. माझ्यात आहे ते आईचं, तिच्या चंदगडच्या आईचं, आणि त्या आजीच्या हलशीच्या आईचं. कर्नाटकातून महाराष्ट्रात गेलं आणि परत इकडं आलं, कुणी अडवलं नाही. माझ्याकडून पुढं गेलं तर छानच. नाही गेलं तरी मावशीच्या मुलींत ते आहेच, तेव्हा आईनं रात्र-रात्र जागू नये. यल्लम्माला बोललेला नवस असू दे, त्याला खर्च कमी.

ठेवीचे पैसे बाबांच्या मोतीबिंदूला लागणार आहेत. डॉक्टरांनी दोनदा सांगूनही तुम्ही टाळताय, मला कळलंय. पाऊस संपायच्या आत ते उरकून घ्या. माझा भ्रूण सोडायची तारीख ठरली की कळवीन, तेव्हा आईनं आठवडाभर इकडं राहायला यावं. येताना तांदूळ आणू नको. मागचं पोतं अजून तसंच आहे.

तुमची,
सुमी