जुन्या लेन्स चालतील म्हणालात, म्हणून जुना कॅमेरा दिला

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय : एक्स्चेंजमध्ये घेतलेल्या मिररलेस कॅमेऱ्यावर जुन्या लेन्सचा ऑटोफोकस न चालणे

महोदय / महोदया,

गेल्या महिन्यात तुमच्या पुण्यातल्या अधिकृत शोरूममधून मी नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेतला. कॅमेऱ्यात दोष नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्या दोन्ही ईमेलना 'सर्व्हिस सेंटरला दाखवा' एवढंच उत्तर आलं. माझी तक्रार विकताना जे सांगितलं आणि जे सांगितलं नाही, त्याबद्दल आहे.

माझा जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, तुमचाच, २०११ साली घेतलेला. तेव्हापासून एकही हिवाळा भिगवणला गेल्याशिवाय सरला नाही. पहाटे कुंभारगावातून होडीत बसायचं आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब हे पक्षी टिपायचे. शटर १,६२,००० वेळा पडलं होतं. माहितीपत्रकात चाचणी दीड लाखाची लिहिली होती. पकडीचं रबर सुटलं, मागचं चाक घसरू लागलं आणि जानेवारीत शटर मध्येच अडकायला लागलं. दहातले तीन फोटो अर्धे काळे. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, शटरचा सुटा भाग आता येत नाही. यंत्र झिजणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या कॅमेऱ्याने मला भरभरून दिलं.

शोरूममध्ये जाताना मी माझ्या दोन्ही लेन्स मुद्दाम बरोबर नेल्या : लांबच्या पक्ष्यांसाठी ३०० मिमी एफ/४ आणि अगदी जवळून फोटो काढायला ६० मिमी मॅक्रो. दोन्ही काउंटरवर ठेवून दोनदा विचारलं, "या नव्या बॉडीवर चालतील ना?" उत्तर मिळालं, "सर, अ‍ॅडॅप्टर लावला की जुन्या सगळ्या लेन्स चालतात." अ‍ॅडॅप्टर म्हणजे नव्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स बसवणारं जोडकडं. मागच्या फलकावरही तेच लिहिलं होतं. त्या शब्दावर मी जुनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, दिली, बिलातून ८,००० रुपये वजा झाले. अ‍ॅडॅप्टर त्या दिवशी दुकानात नव्हता. १९,५०० रुपये आगाऊ भरले, तो चार दिवसांनी घरी आला. म्हणजे लेन्स लावून बघायची संधी मिळाली तेव्हा जुना कॅमेरा हातातून गेलेला होता.

पुढच्या रविवारी होडीतून कैकर हा मासे पकडणारा शिकारी पक्षी दिसला. पाण्यावर घिरट्या घालत होता, मासा हेरत होता. बटण दाबलं, लेन्स हललीच नाही. संपर्काच्या पट्ट्या पुसल्या, अ‍ॅडॅप्टर काढून पुन्हा लावला. नावाड्याने माझ्यासाठी दोनदा होडी वळवली. कैकर सूर मारून मासा घेऊन गेला.

कारण घरी आल्यावर कळलं. माझ्या दोन्ही लेन्समध्ये मोटरच नाही. जुन्या बॉडीतली मोटर माउंटवरच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यावरच्या, स्क्रूड्रायव्हरसारख्या छोट्या दांडीने लेन्स फिरवायची. तुमच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये विजेचे संपर्क आहेत, ती दांडी नाही. अ‍ॅडॅप्टरच्या पुस्तिकेत ही गोष्ट बारीक अक्षरात दिलेली आहे. म्हणजे कंपनीला ती माहीत आहे. शोरूममध्ये लेन्स हातात घेऊन बघणाऱ्या तुमच्या माणसाला ती माहीत असायला हवी होती.

"हाताने फोकस करा," असं फोनवर सांगण्यात आलं. फुलाचा किंवा बसलेल्या पक्ष्याचा फोटो तसा निघतो, मी काढलाही. पण ३०० मिमीला, लेन्स पूर्ण उघडी म्हणजे एफ/४ वर असताना, तीस मीटरवरच्या पक्ष्यासाठी पुढचं-मागचं धरून जेमतेम दीड मीटर स्पष्ट येतं. कैकर सेकंदाला दहा मीटरच्या आसपास उडतो. हात तिथे पुरत नाही. अशा लेन्सबद्दल 'चालते' म्हणणं खरं नाही.

माझी मागणी अशी. अ‍ॅडॅप्टरचे पैसे परत करून माझी जुनी बॉडी मला द्यावी. मी ८,००० रुपये लगेच भरतो. ती उरली नसेल, तर त्याच माउंटची, आत मोटर असलेली, चालू स्थितीतली वापरलेली बॉडी द्यावी. हे दोन्ही जमत नसेल तर संपूर्ण खरेदी रद्द करावी. आणि तो फलक बदलावा. कोणत्या लेन्सवर ऑटोफोकस चालणार नाही, हे पैसे घेण्याआधी, मोठ्या अक्षरात, मराठीतही लिहावं. माझ्यासारख्या कित्येकांच्या कपाटात अशा लेन्स आहेत.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं येतं. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि तिथे निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

बिल, अ‍ॅडॅप्टरची पावती, एक्स्चेंजची चिठ्ठी आणि मोबाइलवर काढलेला फलकाचा फोटो सोबत जोडला आहे.

एक विनंती मात्र आजच्या आज मान्य करावी. माझी जुनी बॉडी अजून तुमच्या गोदामात असेल, तर हे प्रकरण मिटेपर्यंत ती मोडीत काढू नये. तिचं शटर अडकतं, पण दहातले सात फोटो ती अजून नीट काढते.

आपला,
एक ग्राहक, पुणे