आई, इथे दवाखान्याचं बिल येत नाही

रेजायना, सस्कॅचवन, कॅनडा
जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी एकदम मजेत. व्हिडिओवर वाळलेली दिसते ती त्या दिव्यामुळे, वजन उलट वाढलंय. थंडी उणे तीसच्या आसपास आहे, पण ती घराबाहेर!

फोटोत माझ्या गाडीच्या तोंडातून लोंबणारी वायर बघून आई घाबरली म्हणे. अगं, गाडी पेट्रोलचीच आहे. इथे इंजिनाला एक छोटा हीटर बसवलेला असतो, त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढतात आणि रात्री गाडी प्लगला लावतात. नाहीतर ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि सकाळी इंजिन नुसतं कण्हतं. पार्किंगमध्ये म्हणून जागोजागी प्लगचे खांब. काही जण टायमर लावतात, वीजबिल वाचतं. आणि घाईत वायर न काढताच गाडी मागे घेणारे महाभागही आहेत, आमच्याच बिल्डिंगमध्ये एक आहे.

बाबा, "तिकडे आपल्या यशवंतरावांच्या तोडीचं कोणी झालं का?" असं तुम्ही विचारलं होतं. झालं, टॉमी डग्लस. शेताशेतांवर वीज नेली ती त्याच्या सरकारने, गाडीचा सक्तीचा विमाही सरकारी केला त्यानेच. जन्म 1904 चा, स्कॉटलंडमधला. लहानपणी कुटुंब विनिपेगला आलं. पायाचं हाड सडत चाललेलं, मोठ्या सर्जनला द्यायला घरात पैसे नाहीत, पाय कापायचाच बाकी होता. तेवढ्यात एका सर्जनने फुकट ऑपरेशन केलं, अट एवढीच की विद्यार्थी बघायला उभे राहतील. पाय वाचला. पण नशिबाने भेटलेल्या डॉक्टरवर कुणाचा पाय अवलंबून नसावा, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढे तो वेबर्नला, इथून तास-सव्वा तासावर, चर्चमध्ये धर्मोपदेशक झाला. मंदी आणि दुष्काळाचे दिवस होते. 1935 मध्ये खासदार, 1944 मध्ये सस्कॅचवन प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपला मुख्यमंत्री. 52 पैकी 47 जागा! 1947 पासून इस्पितळाचा खर्च सरकारी विम्यात आला, मग डॉक्टरांची फीसुद्धा. ती योजना 1 जुलै 1962 ला सुरू झाली आणि त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले, तब्बल 23 दिवस. तेव्हा टॉमी देशाच्या राजकारणात गेला होता, संप निस्तरला तो त्याच्यानंतरच्या प्रीमियरने, वुड्रो लॉइडने. आणि गंमत बघा, त्याच जूनमध्ये लोकसभेला टॉमीला पाडलं ते रेजायनाच्याच मतदारांनी! दहा वर्षांत तीच योजना देशभर आली, आणि 2004 मध्ये टीव्हीवरच्या मतदानात लोकांनी त्यालाच सर्वांत थोर कॅनेडियन ठरवलं. तोवर तो जाऊन अठरा वर्षं झाली होती.

एवढं पुराण लावलं ते आईसाठी. "दुखलंखुपलं तर लाखांत बिल" हे अमेरिकेचं. डिसेंबरमध्ये बर्फावर घसरून मनगट मुरगळलं (सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं नव्हतंच), तर काउंटरवर फक्त हेल्थ कार्ड मागितलं. एक्स-रे, पट्टी, घरी. हो, नंबर यायला अर्धी रात्र गेली. दातांचं आणि गोळ्यांचं यात येत नाही, पण त्याला ऑफिसचा विमा आहे. तेव्हा काळजी नको.

मी इथे खिशात हात न घालता बाहेर पडले आणि बाबांच्या गुडघ्यासाठी तुम्ही मुदत ठेव मोडलीत. छोट्याने सांगितलं. त्याला रागावू नका, मीच खोदून विचारलं. दीड लाख पाठवलेत, ते गुडघ्याचे. लग्नाच्या हॉलच्या ॲडव्हान्सचे वेगळे पाठवते, दोन्ही एकात मिसळू नका.

लग्नाला मी येतेय, तिकीट काढलंय. फक्त हळदीला नाही जमणार, आदल्या रात्री उशिरा पोचेन. करवली म्हणून मिरवायला तेवढं पुरे, नाही का? करवल्यांच्या साड्या मावशीने निवडल्या तरी चालतील, मला कुठलाही रंग चालतो.

कोल्हापूरच्या स्थळाला "नाही" कळवू नका, "हो"सुद्धा कळवू नका. मुलगा बोलायला बरा आहे. बाकीचं आल्यावर बोलू, फोनवर आईने विषय काढायचा नाही.

बाबा, फिजिओथेरपी बुडवू नका. पैसे जमा झाले की लगेच कळवा.

तुमची,
ताई